तिसरा वाचक : पाळत, पत्र आणि संहिता

वाचककेंद्री समीक्षाविचार मराठीत रुजून आता बराच काळ लोटला आहे. वोल्फगांग इझर यांची 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना पदव्युत्तर वर्गांत शिकवली जाते. संहितेतील रिक्त जागा वाचक कशा भरतो, अर्थनिर्मितीत त्याचा सहभाग किती, वाचकांचे समूह आपापल्या संकेतव्यवस्थांनुसार एकच संहिता वेगवेगळी कशी घडवतात, यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वाचक हा निमंत्रित असतो. संहिता त्याला उद्देशून लिहिलेली नसली, तरी प्रकाशनाच्या क्रियेने लेखकाने दार उघडे ठेवलेले असते. ज्याला कधीच बोलावलेले नाही, जो वाचतो आहे की नाही हे लेखकाला कळण्याची सोय नाही, आणि ज्याच्या वाचनाचे परिणाम मात्र लेखकाच्या देहापर्यंत पोहोचू शकतात, असा वाचक आपल्या सिद्धान्तांत कोठेच बसत नाही.

प्रस्तुत लेखात या वाचकाला 'तिसरा वाचक' असे म्हटले आहे. पत्र लिहिणारा पहिला, ज्याला लिहिले तो दुसरा, आणि पत्र मध्येच उघडणारा तिसरा. नागरिकांच्या ई-मेल, संदेश व दूरध्वनी यांवर शासनसंस्था जी पाळत ठेवतात तिची चर्चा आपल्याकडे कायदा, राजकारण आणि तंत्रज्ञान यांच्या परिभाषेत होते. ती तशी व्हावयासच हवी. परंतु पाळत ही मुळात एक वाचनक्रिया आहे, आणि वाचनाविषयी काही सांगण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी तिच्याविषयी मौन पाळावे हे थोडे चमत्कारिक आहे.

आरंभ शब्दांपासून करू. इंग्रजीत ज्याला 'प्रायव्हसी' म्हणतात त्यासाठी मराठीत दोन शब्द चालतात : 'खासगीपणा' आणि 'गोपनीयता'. दोन्ही शब्दांचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. 'खासगी' किंवा 'खाजगी' हा शब्द मराठी राज्यकारभारात राज्यकर्त्याच्या घरच्या खर्चाचा व मालमत्तेचा वाचक होता. होळकरांच्या दप्तरात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत, आणि पेशव्यांच्या खासगीचा कारभार पाहणाऱ्यांना 'खाजगीवाले' हे आडनाव चिकटले. म्हणजे खासगी असणे हा धन्याचा विशेषाधिकार होता. रयतेला खासगी असे काही असते ही कल्पना त्या शब्दात नव्हती. 'गोपनीयता' या शब्दाची वाट तर याहून सरळ आहे. आपण तो वर्षानुवर्षे ऐकत आलो तो मंत्र्यांच्या शपथविधीत. पद व गोपनीयता यांची शपथ मंत्री घेतो. या वापरात गोपनीय असते ते शासनाचे, आणि ज्याच्यापासून ते राखावयाचे तो नागरिक. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी तो 'गोपनीयतेचा अधिकार' या शब्दांतही सांगितला. शासनाचा शब्द नागरिकाकडे आला, परंतु आपला जुना वास घेऊन आला. गोपनीय म्हणजे लपवलेले. आणि लपवतो तो काहीतरी लपवण्याजोगे असलेला. 'ज्याच्या मनात पाप नाही त्याने कशाला भ्यावे' हा नेहमीचा युक्तिवाद मराठीत चटकन पटतो, त्याला हा शब्दही थोडा जबाबदार आहे. 'पाळत' या शब्दाचे 'पाळणे' या क्रियापदाशी असलेले नातेही असेच बोलके आहे. मूल पाळतात, जनावर पाळतात, आणि माणसावर पाळत ठेवतात. सांभाळणे आणि नजरेत ठेवणे यांच्यातील सीमारेषा भाषेनेच धूसर ठेवली आहे. फूको यांच्या १९७५ च्या ग्रंथाच्या फ्रेंच शीर्षकातील पहिले क्रियापद इंग्रजीत नेताना भाषांतरकाराला शेवटी 'शिस्त' हा वेगळाच शब्द घ्यावा लागला. मराठी भाषांतरकाराची अडचण तुलनेने कमी झाली असती.

आता तिसऱ्या वाचकाच्या इतिहासाकडे वळू. वसाहतकालीन शासन हे मोठे वाचक होते. मुंबई इलाख्यात देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे सारांश व भाषांतरे नियमितपणे तयार होऊन वरिष्ठांकडे जात. आज एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकाला हे अहवाल उपयोगी पडतात, कारण मूळ अंक अनेकदा हाती लागत नाहीत. पाळतीने जे जपले ते आवडीने जपले गेले नाही, हा त्यातील विनोद. या वाचनाला मनुष्य लागत असे, आणि मनुष्याला भाषा यावी लागे. १९०८ मध्ये टिळकांवर चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्याचा मोठा भाग वस्तुतः भाषांतरविषयक वाद आहे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांची शासकीय भाषांतरे मूळ शब्दांची छटा बिघडवतात, असा टिळकांचा आक्षेप होता. त्यांनी न्यायालयाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, आणि स्वतःच्या बचावाचे भाषण एकवीस तासांहून अधिक काळ केले. ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. मराठी न कळणाऱ्या ज्युरीने मराठी लेखांचा हेतू ठरवावयाचा होता. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्यात न्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. तरीही वाचनव्यवहाराच्या दृष्टीने तेथे एक गोष्ट घडली जी आजच्या पाळतीत घडत नाही. शासनाला आपले वाचन उघडपणे मांडावे लागले. कोणत्या शब्दाचा आपण कोणता अर्थ लावला हे सांगावे लागले, आणि लेखकाला 'तुमचे वाचन चूक आहे' असे त्याच जागी म्हणता आले. यालाच मी वाचनाच्या प्रतिवादाचा अधिकार म्हणतो. समीक्षा ज्या पायावर उभी असते तो पाया हाच : कोणतेही वाचन दुसऱ्या वाचनाने खोडून काढता येण्याजोगे असले पाहिजे. तिसऱ्या वाचकाचे आजचे रूप या अटीतून निसटले आहे. तो वाचतो, परंतु आपले वाचन प्रसिद्ध करीत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेला एक निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल, वकील व पत्रकार यांनी परदेशांशी होणाऱ्या संपर्कावरील पाळतीच्या कायद्याला आव्हान दिले होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दावा फेटाळला. कारण आपल्यावर पाळत आहे हे दावेदारांना सिद्ध करता आले नाही, त्यांची भीती केवळ तर्कावर आधारलेली ठरली. पाळत गुप्त असल्यामुळे ती सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून तिच्याविषयी विचारता येत नाही, असे हे वर्तुळ होते. त्याच वर्षी जून महिन्यात एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेली कागदपत्रे 'गार्डियन' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' यांनी छापली, तेव्हा हे वर्तुळ फुटले. त्यांतील पहिलाच कागद हा एका गुप्त न्यायालयाचा आदेश होता : व्हेरायझन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या दूरध्वनींच्या नोंदी दररोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे द्याव्यात. बोलणे नव्हे, कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ, एवढेच. ही केवळ मेटाडेटा आहे, कोणी कोणाचे संभाषण ऐकत नाही, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने हा कार्यक्रम कायद्याच्या चौकटीत बसत नसल्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने तो त्या स्वरूपात बंद केला.

हा खुलासा समीक्षकाने जरा थांबून वाचावा असा आहे. आशय वाचत नाही, फक्त रूप पाहतो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. रूपवादी समीक्षेचे ते आवडते वाक्य होते. अलीकडे फ्रँको मोरेत्ती यांनी पुरस्कारलेल्या 'दूरवाचना'त तर एकेक कादंबरी वाचण्याऐवजी हजारो कादंबऱ्यांच्या नोंदी, शीर्षके, पात्रांमधील संबंधांची जाळी यांचा अभ्यास करावा असे प्रतिपादन आहे. मोरेत्ती यांचा त्या नावाचा लेखसंग्रह २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला. हा योगायोगच, पण पद्धतीचे साम्य योगायोगाने आलेले नाही. न वाचता जाणण्याची आकांक्षा दोन्हींकडे आहे. पात्रांच्या संबंधांची आकृती काढल्यावर नाटकाचे मर्म त्याच्या संवादांपेक्षा स्पष्ट दिसते असे जर आपण विद्यापीठात म्हणत असू, तर माणसांच्या संबंधांची आकृती काढणाऱ्याला 'तुम्ही काही वाचलेच नाही' अशी सवलत आपल्याला देता येत नाही. रात्री दोन वाजता मानसोपचाराच्या मदतकेंद्राला अर्धा तास केलेला दूरध्वनी काय सांगतो हे समजायला त्यातील एकही शब्द ऐकावा लागत नाही.

नोंदींवरून वाचण्यातील धोका आपल्याकडे एका प्रसंगात दिसला. ऑगस्ट २०१९ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातील एका जामीनअर्जाच्या सुनावणीत जप्त केलेल्या पुस्तकांच्या यादीतील 'वॉर अँड पीस' या नावाची चर्चा झाली. टॉलस्टॉयची कादंबरी घरी का ठेवली असे न्यायालयाने विचारले, अशी बातमी देशभर पसरली आणि तिची यथेच्छ थट्टा झाली. दुसऱ्या दिवशी स्पष्ट झाले की यादीतील पुस्तक टॉलस्टॉयचे नव्हते. जंगलमहालातील संघर्षावरील, बिस्वजित रॉय यांनी संपादित केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकाचा तो पूर्वार्ध होता. हसणाऱ्यांमध्ये साहित्याचे प्राध्यापकही होते, हे येथे कबूल केले पाहिजे. यादी वाचून पुस्तक वाचल्याचा भ्रम केवळ पोलिसांना होतो असे नाही.

लेखकाच्या प्रश्नाकडे येऊ. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. फूको यांनी १९६९ मध्ये 'लेखक म्हणजे काय' असा प्रश्न उपस्थित करून एक निराळीच गोष्ट सांगितली. लेखनाला लेखकाचे नाव घट्ट जोडले गेले ते त्याच्या गौरवासाठी नव्हे, तर लेखनाबद्दल कोणाला तरी शिक्षा करता यावी म्हणून, असा त्यांच्या मांडणीचा एक धागा होता. आपल्याकडील उत्तरसंरचनावादी चर्चेने बार्थ यांचा उत्साह उचलला आणि फूको यांचा इशारा बाजूला ठेवला. तिसऱ्या वाचकाचा लेखकाच्या मृत्यूवर मुळीच विश्वास नाही. त्याला संहितेत अर्थांची लीला नको आहे. त्याला नाव, क्रमांक आणि पत्ता हवा आहे. आणि टोपणनावाचा आश्रयही आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. जुलै २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेली रहस्यकादंबरी जे. के. रोलिंग यांची आहे या कुणकुणीला शब्दलांबी व शब्दजोड्या यांच्या सांख्यिकीय तुलनेने पुष्टी मिळाली. शैलीविज्ञानाच्या तासाला आपण ज्याला लेखकाची 'मुद्रा' म्हणतो तीच येथे बोटांच्या ठशासारखी वापरली गेली. रोलिंग यांचे फारसे बिघडले नाही. कार्यालयातील गैरव्यवहाराविषयी निनावी लिहिणाऱ्या कारकुनाचे काय होईल, हा प्रश्न शैलीविज्ञानाच्या पुस्तकात अजून आलेला नाही.

पत्र या वाङ्मयप्रकाराचा येथे थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक वाटते. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातील युरोपीय खासगी जीवनाची घडण आणि पत्रव्यवहार, पत्ररूप कादंबरी यांचा संबंध दाखवला. पत्र लिहिताना मनुष्य 'मी' म्हणण्यास शिकला आणि मग ते 'मी' घेऊन सार्वजनिक चर्चेत उतरला, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. परंतु त्याच शतकातील सॅम्युएल रिचर्डसन यांची 'क्लॅरिसा' ही १७४७-४८ मधील पत्ररूप कादंबरी पाहिली, तर खासगीपणाचा जन्म आणि त्याचा भंग जुळे असल्याचे दिसते. खलनायक लव्हलेस हा क्लॅरिसा आणि तिची मैत्रीण ॲना हाउ यांची पत्रे मध्येच गाठतो. तो त्यांचे अत्यंत बारकाईने वाचन करतो. ज्या वाक्यांचा सूड घ्यावयाचा त्यांच्या समासात बोट दाखवणाऱ्या हाताची चिन्हे काढतो. साहित्याच्या इतिहासातील सूक्ष्मवाचनाचे हे एक भयानक उदाहरण आहे. आणि तो तेथे थांबत नाही. पुढे तो त्या मैत्रिणींच्या नावाने खोटी पत्रे लिहू लागतो. वाचक लेखक होतो.

ही केवळ कादंबरीतील युक्ती असे आज म्हणवत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात आरोपाचा आधार म्हणून संगणकांत सापडलेली पत्रे सादर झाली. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने आरोपींच्या वतीने तपासणी करून २०२१ पासून दिलेल्या अहवालांत असा निष्कर्ष काढला की घुसखोर प्रणालीच्या साहाय्याने ती कागदपत्रे त्या संगणकांत बाहेरून ठेवली गेली होती. तपासयंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही, आणि सत्यासत्य ठरवणे न्यायालयाचे काम आहे. समीक्षकाच्या दृष्टीने मुद्दा इतकाच : जेथे तिसऱ्याला दार उघडता येते तेथे तो फक्त वाचीलच याची हमी संहिता देऊ शकत नाही. हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत आपण प्रक्षेप ओळखण्याच्या कसोट्या घडवल्या. कागद, शाई, वळण, लेखनिक यांचा विचार केला. ज्या संहितेला कागदच नाही तिची पाठचिकित्सा कोण करणार?

मराठीत वामन मल्हार जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' ही १९३४ मधील कादंबरी पत्ररूप आहे. तिच्यातील पात्रे कला, नीती, स्त्रीपुरुषसंबंध यांविषयी ज्या मोकळेपणाने वाद घालतात, तो मोकळेपणा व्यासपीठावर शक्य नव्हता. पत्रात मत बदलता येते, चुकता येते, अर्धवट विचार मांडता येतो. वाचणारा स्नेही अर्धवटपणा समजून घेईल हा भरवसा त्या गद्याच्या वळणातच आहे. आपण कादंबरीचे वाचक या पत्रांना चोरून वाचत असतो. परंतु ही चोरी लेखकाच्या संमतीने असते, आणि पात्रांना तिची झळ लागत नाही. प्रत्यक्ष व्यक्तींच्या पत्रांबाबत मात्र समीक्षकाची स्थिती एवढी निर्मळ नाही. आयुष्यभर प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर खंडांत प्रसिद्ध झाली, आणि आपण ती आवडीने वाचली. त्यांवर प्रबंध लिहिले. राजवाड्यांनी जमवलेली पत्रे वाड्यावाड्यांतील बासनांतून आली. आपली विद्या परक्यांच्या पत्रांवर पोसलेली आहे. तेव्हा तिसऱ्या वाचकाकडे बोट दाखवताना आपण स्वतःला त्याच्या जातकुळीबाहेर समजू नये. काळाचे अंतर, वारसांची संमती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहिणाऱ्याला अपाय करण्याची शक्ती हाती नसणे, एवढ्याच गोष्टी आपल्याला वेगळ्या करतात. एवढ्याच, पण त्या थोड्या नाहीत.

लिहिणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो याचा काही पुरावा उपलब्ध आहे. पेन या लेखकसंघटनेच्या अमेरिकन शाखेने २०१३ च्या शरदात पाचशेहून अधिक लेखकांना विचारणा केली. त्यांतील १६ टक्क्यांनी पाळतीच्या भीतीने एखाद्या विषयावर लिहिण्याचे वा बोलण्याचे टाळल्याचे सांगितले, आणि २४ टक्क्यांनी दूरध्वनी व ई-मेलमध्ये काही विषय मुद्दाम टाळल्याचे सांगितले. न लिहिलेल्या ओळींची ही मोजणी अपुरीच असणार, कारण जो विषय मनात येण्याआधीच वळवला गेला तो कोणत्याच प्रश्नावलीत सापडत नाही. येथे लिओ स्ट्राउस यांच्या १९५२ च्या ग्रंथाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की छळाच्या काळातच ओळींच्या मध्ये लिहिण्याची कला बहरते. चाणाक्ष वाचकाला कळावे आणि चौकीदाराला कळू नये असे गद्य जन्मते. चीनमध्ये ४ जून हा दिनांक लिहिणे अडचणीचे झाले तेव्हा लोकांनी '३५ मे' असे लिहून पाहिले, हे त्याचे चटकदार उदाहरण. पण या युक्तीचे आयुष्य ती पकडली जाईपर्यंतच. शिवाय स्ट्राउस यांच्या चौकीदाराला वाचताना कंटाळा येत असे. यंत्राला कंटाळा येत नाही. पाळतीमुळे रूपके सुचतात म्हणून पाळतीविषयी सौम्य होणारा समीक्षक मला कधी समजला नाही. तुरुंगात चांगली पुस्तके लिहिली गेली म्हणून कोणी तुरुंगाची शिफारस करीत नाही.

तुरुंगाचा उल्लेख आला म्हणून न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या दोन निर्णयांची आठवण करून देतो. खरक सिंग खटल्यात १९६२ च्या डिसेंबरात बहुमताने उत्तर प्रदेश पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटी रद्द केल्या, पण माणसाच्या हालचालींवर नजर ठेवण्यास मोकळीक दिली. सुब्बा राव यांनी, न्यायमूर्ती शहा यांच्यासह, भिन्नमत नोंदवले. नजरेखाली चालणारा मनुष्य शरीराने मोकळा असला तरी मनाने जखडलेला असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पुट्टस्वामी निर्णयाने पंचावन्न वर्षांनी त्यांची बाजू स्वीकारली. दुसरा निर्णय १९६५ मधला, आणि तो मराठी पुस्तकाविषयीचा आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत शास्त्रीय पुस्तक लिहिले. ते छापण्यासाठी बाहेर पाठवू देण्यास महाराष्ट्र शासनाने नकार दिला. पुस्तकात आक्षेपार्ह काही आहे असे शासनाचेही म्हणणे नव्हते. स्थानबद्धाला तसा अधिकारच नाही, एवढे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने पुस्तक पाठवू देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींत नसलेले कोणतेही बंधन त्याच्यावर लादता येत नाही, असे सुब्बा राव यांनी लिहिले. मराठी विज्ञानलेखनाच्या इतिहासात या पुस्तकाची नोंद आवर्जून व्हावयास हवी.

आता कायद्याच्या संहितेकडे. १८८५ च्या तार अधिनियमाने संदेश अडवण्याची मुभा दिली ती दोन प्रसंगी : सार्वजनिक आणीबाणी उद्भवली तर, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. पीयूसीएल खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयाने या दोन अटींवाचून दूरध्वनी ऐकता येणार नाही असे सांगून गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत, कमाल सहा महिने, आणि पुनर्विलोकन समिती असे नियम घालून दिले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये २००८ च्या दुरुस्तीनंतर या दोन अटी दिसत नाहीत. कोणत्याही अपराधाच्या तपासासाठी आवश्यक वा इष्ट वाटणे तेथे पुरेसे आहे. वसाहतीच्या कायद्यातील शब्द स्वतंत्र देशाच्या कायद्यापेक्षा अधिक संकोची निघावेत, हे शब्दांची पारख असणाऱ्याला टोचणारे आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तारेचा कायदा मोडीत काढला. त्यातील 'संदेश' या शब्दाची व्याख्या चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने पाहावी : चिन्ह, संकेत, लेखन, मजकूर, प्रतिमा, ध्वनी, चित्रफीत, माहितीचा प्रवाह. संहितेची इतकी व्यापक व्याख्या करण्याचे धाडस आपल्या सिद्धान्तकारांनीही क्वचित केले असेल.

आदेश देणारा सचिव, आणि त्याच्या आदेशांचे पुनर्विलोकन करणारेही सचिवच. माहितीच्या अधिकाराखाली २०१३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने दिलेल्या उत्तरानुसार केंद्राकडून दरमहा सरासरी ७५०० ते ९००० दूरध्वनी आणि ३०० ते ५०० ई-मेल अडवण्याचे आदेश निघत होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालाने नमूद केले की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या पुनर्विलोकन समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पाळतीवर लक्ष ठेवणारा वाचकही वाचत नाही.

पेगॅसस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले ते असे, की तपासलेल्या २९ उपकरणांपैकी पाचांत काही घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच असल्याचे निश्चित सांगता येत नाही, आणि केंद्र शासनाने समितीला सहकार्य केले नाही. त्याआधी, २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातील दूरध्वनी अडवण्याचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले होते. सार्वजनिक सुरक्षिततेची अट पुरी झाली नव्हती, हे कारण. त्या नागरिकाला प्रतिवाद करता आला तो त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. ज्याच्यावर खटला भरलाच नाही, त्याला आपण वाचले गेलो हे कळवण्याची तरतूद आपल्या नियमांत नाही. उलट, २००९ च्या नियमांतील तेविसावा नियम असा आहे, की कामकाजासाठी लागत नसतील तर पाळतीच्या आदेशांच्या आणि हाती आलेल्या माहितीच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात. तो नियम नागरिकाच्या रक्षणासाठी म्हणून लिहिलेला आहे. वाड्यांतील बासने राजवाड्यांच्या हाती लागली, देशी वृत्तपत्रांवरील अहवाल आपल्या हाती लागले. या वाचनाचे दप्तर पुढच्या अभ्यासकाला मिळणार नाही.